पहिला भुरा

हंसाच्या व्हॅनला मागचा दिवा टिकत नव्हता. टिकणार तरी कसा? डहाणूच्या खाडीकाठावरून निघायचं, मागे सुक्या बोंबलांच्या टोपल्या, त्यांना खेटून बर्फात घातलेली थोडी ओली मासळी, आणि त्या बर्फाचं खारं पाणी रस्ताभर झिरपत नेमकं कोपऱ्यातल्या दिव्याच्या घरात जाऊन बसायचं. होल्डर हिरवा पडायचा. एखादा होल्डर वाचलाच तर त्यातल्या बल्बची तार तलासरीपुढच्या खड्ड्यांत तुटायची. व्हॅन इतकी जुनी की तिच्या मापाचा दिवा दुकानात मिळायचा नाही, आणि मिळाला तर बसायचा नाही.

बाजार आटोपून उधव्याला घरी परतायची वेळ म्हणजे दिवेलागण. मागे रेतीचे डंपर, टेम्पो, घरी पळणारे मोटरसायकलवाले. अशा रस्त्यावर पाठ आंधळी घेऊन गाडी चालवायची म्हणजे जिवाशी खेळ. ब्रेक मारताना दर वेळी हंसाचे खांदे आपोआप वर चढायचे, आता कुणीतरी मागून येऊन बसणार म्हणून. तिला मागे दिवा हवा होता, बस. सोन्याची गाडी नको होती.

आता कुणी म्हणेल, नवरा वायरिंगवाला, भाऊ वायरिंगवाला, आणि बाईच्या गाडीला दिवा नाही? अहो, तेच तर. दोघांतला एकच असता तर दिवा कधीच लागला असता.

नवरा मिथुन. अच्छाडला नाक्याजवळ एका ढाब्यामागे त्याची पत्र्याची शेड, तिथे तो ट्रकांचं वायरिंग करायचा. दिवसभर ट्रक ड्रायव्हरांत राहून त्याची अर्धी भाषा हिंदी झालेली. शेडच्या दारात एक मातकट रंगाचं कुत्रं पडलेलं असायचं, त्याचं नाव भुऱ्या. भाऊ विपुल. डहाणू रोडला स्टेशनपासून जवळच त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. काम शिकला वापीला, आणि माहेरच्या घरात तर पहिल्यापासून निम्मं गुजराती. म्हातारे देवजी, म्हणजे हंसाचे वडील, आपल्या निळ्या रंगवलेल्या होडीला भुरी म्हणूनच हाक मारायचे.

या होडीवरूनच सगळं पेटलं. देवजींच्या होडीतलं दिव्यांचं वायरिंग मिथुनने हौसेने करून दिलं होतं, नवा जावई ना. त्यावरचं बॅटरीचं सर्किट विपुलने बसवलं. आणि समुद्रात दिवे गेले. म्हातारा अंधारात भरकटला, नशीब थोर म्हणून दुसऱ्या होडीवाल्यांना सापडला. किनाऱ्यावर सगळा गाव जमलेला, आणि सगळ्यांदेखत विपुल म्हणाला की तारेला तार पिळता आली म्हणजे कुणी इलेक्ट्रिशियन होत नाही. मिथुन म्हणाला, खेळण्यातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याने समुद्रावर बोलू नये. जोड सुटला होता की सर्किट जळलं होतं, हे देवालाच ठाऊक. दोन पावसाळे उलटले, तरी दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. सुंभ जळतो, पीळ जात नाही, ते यांना बघूनच कुणीतरी म्हटलं असेल.

बरं, अबोला धरायचा तर नीट धरावा, माणसाने तोंड बंद ठेवावं. यांचं तसं नव्हतं. बोलायचं तर होतंच, आणि ते सगळं हंसाच्या तोंडून. सांग त्याला. विचार तुझ्या भाईला. कळव तुझ्या त्या शहाण्याला. कुणाच्या लग्नाकार्यात एका खोलीत समोरासमोर उभे असले तरी एकाने हंसाकडे बघून बोलायचं, तिने मान वळवून तेच परत म्हणायचं, आणि दुसऱ्याने जणू आत्ताच ऐकल्यासारखं तोंड वाकडं करायचं. पहिल्या पहिल्यांदा ती शब्द जरा गोड करून पोचवायची. पुढे तिला त्याचाही कंटाळा आला.

बल्बला कंटाळून एलईडीचा दिवा घरीच बनवायचं तिनेच काढलं. एलईडीत तार नाही म्हणजे खड्ड्यात तुटायचं भय नाही, होल्डर नाही म्हणजे गंजायचं भय नाही. वरून लांबीचा लेप भरला की खारं पाणी बसलं बोंबलत. कल्पना चांगली होती. फक्त सामान निवडायचं कुणी, हा प्रश्न होता, आणि हंसाने तो दोघांनाही विचारला. तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

मिथुनने ट्रकांच्या कपाळावर चिकटवतात ती चकचकीत पांढरी पट्टी आणली आणि म्हणाला, ही कापायची, चिकटवायची, झालं. हंसा डहाणूला गेली तेव्हा तिचा तुकडा भावाला दाखवला. विपुलने तो दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरावी तसा. म्हणाला, ही लग्नाच्या मांडवाला लाव म्हणावं त्याला. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी इंजिन चालू झालं की चौदाच्या वर जाते, त्या तापात ही पट्टी काळी पडणार. आणि पांढरा उजेड लाल काचेमागे ठेवलास तर बाहेर गुलाबी दिसतो. मागचा दिवा गुलाबी हवाय का तुला? तिने घरी येऊन हे सांगितलं. मिथुन ताटावरून उठला.

मग विपुलने आपल्या पसंतीचे लाल एलईडी पाठवले, टॉर्चमध्ये असतात तसे, पुढून गोल. मिथुनने बॅटरीला लावून पाहिले, एकदा समोरून, एकदा बाजूने, आणि आनंदाने हसलाच. समोरून डोळ्यांत टोचतात आणि बाजूने बघावं तर अंधार. वळणावर कडेने येणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे पुढे गाडी आहे म्हणून? उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते तुझ्या भाईकडून शिकावं, म्हणाला. हंसाने हेही पोचवलं. विपुलने पुढच्या खेपेला चार पायांचे चपटे एलईडी दिले, ज्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो. वर म्हणाला, मी हेच देणार होतो, मधे चुकून दुसरं पाकीट गेलं.

म्हणजे बघा, दोघांतला मूर्ख कुणीच नव्हता. याने त्याची चूक काढली ती खरी होती, त्याने याची काढली तीही खरी होती. एका टेबलाशी बसले असते तर चहा गार व्हायच्या आत सामान ठरलं असतं. पण नाही. प्रत्येक पुर्जा डहाणूहून उधव्याला आणि उधव्याहून डहाणूला बोंबलांच्या टोपलीतून शिव्या खात फिरत होता. व्हॅन तोवर आंधळीच होती, आणि हंसाचे खांदे वर चढायचे ते चढतच होते.

शेवटी ठरलं ते असं. सामान विपुलचं, जोडणी मिथुनची. विपुल म्हणाला, मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. मिथुन म्हणाला, तो माझ्या गाडीला हात लावणार नाही. गाडी हंसाची होती, हे दोघेही विसरले होते.

मागच्या दिव्याची एक गंमत असते. दिवा एकच, कामं दोन. गाडीचे दिवे लावले की तो मंद पेटायचा, त्याला टेल म्हणतात. ब्रेक दाबला की तोच भगभगून उठायचा, म्हणजे मागच्याला कळतं की पुढचा थांबतोय. एलईडी तेच असतात, फक्त वीज त्यांच्याकडे दोन वाटांनी येते. टेलच्या वाटेवर वीज जास्त अडवणारा रेझिस्टन्स बसवायचा, म्हणजे उजेड मंद. ब्रेकच्या वाटेवर कमी अडवणारा, म्हणजे उजेड जोरात. हे रेझिस्टन्स तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, आणि कुठला किती अडवतो ते त्यांच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. विपुलने दोन्ही जातीचे रेझिस्टन्स वेगवेगळ्या कागदांत बांधून देवजींच्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून दिले. कागद टोपलीतल्या ओलीने फाटले आणि सगळे दाणे एकत्र झाले.

रविवारी दुपारी मिथुन अंगणात सोल्डर तापवून बसला आणि डबी उघडून त्याने कपाळाला हात लावला. हंसाने भावाला फोन लावला आणि तो आवाज मोठा करून मध्ये ठेवला. कुठला रेझिस्टन्स कुठे, ते विचारलं.

"तो तिथेच बसलाय ना?" विपुलचा आवाज आला. "असू दे. त्याला सांग, पहिला पट्टा भुरा असेल तो टेलला. उरलेले ब्रेकला. एवढं तरी कळेल त्याला."

मिथुन हातभर अंतरावर होता. तरी हंसाने रीतीप्रमाणे मान वळवली आणि म्हणाली, "पहिला भुरा तो टेलला. दुसरा ब्रेकला."

"मला ऐकू येतं," मिथुन म्हणाला. त्याने ते फोनला उद्देशून म्हटलं की तिला, कुणास ठाऊक.

त्याने दाणे तळहातावर ओतून निवडले. मग जरा थबकला. मीटर शेजारीच पडला होता, काटे लावून एकेक मोजायला कितीसा वेळ? हंसा म्हणालीसुद्धा, एकदा मोजून घे. पण ती हे बोलली नसती तर त्याने मोजलं असतं की काय असं नंतर तिला वाटत राहिलं. तो म्हणाला, त्याच्या तोंडचं तपासत बसायला मी काय त्याचा मास्तर आहे? त्याने सांगितलंय, त्याच्यावर. आणि सोल्डरचा धूर सोडत कामाला लागला.

दोन्ही बाजूंचे दिवे झाले देखणे. मिथुनचा हात चांगला, खोटं कशाला बोला. गाडीत बसवले, दिव्यांचं बटण दाबलं, आणि मागे अंगण लाल झालं. मिथुनची आई शुक्री घरातून बघायला आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. आता ब्रेक. मिथुनने दिव्यांचं बटण बंद केलं, आत बसून पाय दाबला आणि ओरडून विचारलं, लागला का? हंसा मागे उभी होती. आंब्याच्या सावलीत दिवा पेटलेला दिसत होता. तिला टोपल्या धुवायच्या होत्या, आणि दोघांच्या या तमाशाचा वीट आला होता. लागला, म्हणाली. टेल लावून ठेवून वर ब्रेक दाबून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिला इशारा आठवड्याच्या आतच मिळाला. तिन्हीसांजेला तलासरीच्या बाहेर गतिरोधकावर तिने गाडी हळू केली आणि मागून टेम्पोची चाकं किंचाळली. टेम्पोवाला खाली उतरून आला आणि त्याने तिच्या सात पिढ्या काढल्या. ब्रेक लाईट आहे की नाही? हंसाही काही गप्प बसणारी नव्हती. डोळे फुटले का तुझे, केवढा पेटलाय बघ की, म्हणाली. तो म्हणाला, तो तर कधीचा पेटलाय, तू थांबलीस ते मला स्वप्नात कळणार का?

हे तिने घरी सांगितलं. मिथुन म्हणाला, त्याला सांग पार्ट हलके दिलेस. तिने डहाणूला सांगितलं. विपुल म्हणाला, त्याला सांग जोडणी बघ. ती बिचारी दोन्ही निरोप घेऊन आली-गेली, आणि दिव्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. तिनेही पुढे विषय काढला नाही. काढला असता तर आणखी दोन निरोप डोक्यावर घ्यावे लागले असते.

भात कापून झाला आणि शुक्रीने नवीन तांदळाचं जेवण घातलं. व्याही म्हणून देवजींना आग्रहाचं बोलावणं गेलं, आणि म्हाताऱ्याने हट्टच धरला की विपुलनेही यायचं. विपुल तयार झाला, पण मिथुनच्या हातचं वायरिंग असलेल्या गाडीत बसायला नाही. देवजी हंसाच्या शेजारी व्हॅनमध्ये, आणि विपुल मागून मोटरसायकलवर. रस्त्याने चिकूच्या वाड्या मागे पडल्या, तलासरी आली, ऊन उतरलं. हंसाने दिवे लावले. आरशात तिला भावाचा दिवा दिसत होता, जवळ जवळ येत असलेला. देवजी होडीच्या नव्या रंगाबद्दल काहीतरी सांगत होते.

उधव्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. हंसाने ब्रेक मारला. म्हैस निवांत पलीकडे गेली, आणि मागून धाडकन आवाज झाला. व्हॅन पुढे सरकली, टोपल्या एकमेकींवर आदळल्या. हंसा उतरून मागे धावली तेव्हा विपुल रस्त्यावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, आणि तो हात मनगटापासून भलतीकडे वळला होता. मोटरसायकल आडवी पडून गुरगुरत होती. एका बाजूच्या दिव्याची लाल काच त्याच्या भोवती सांडली होती. दुसरा दिवा तसाच झगझगत होता.

त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? आई गं नाही, पाणी नाही. म्हणाला, विचार त्याला, ब्रेकची वायर जोडली तरी होती का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात खाटेवर विपुल, हाताला प्लास्टर, गळ्याचं हाड दुखावलेलं. स्टुलावर देवजी. दाराला टेकून मिथुन, शुक्रीने ढकलून पाठवलेला, हातात शहाळं. आणि मध्ये हंसा. दोघांनी रीतीप्रमाणे तिच्याकडे बघून सुरू केलं. एक म्हणाला, विचार याला, एवढं खेटून गाडी चालवायला कुणी सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, सांग त्याला, पुढची गाडी थांबते ते कळायला दिवा लागतो. पार्ट भंगार. जोडणी भंगार. बोलता बोलता विपुलच्या तोंडून निसटलं की त्याला तलासरीतच दिसलं होतं, टेल प्रमाणाबाहेर पेटतोय, काहीतरी उलटंपालटं झालंय.

हंसा त्याच्याकडे वळली. "तलासरीत दिसलं होतं, तर सांगितलं का नाहीस?"

तो खिडकीकडे बघायला लागला. तिने पुन्हा विचारलं. मग पुटपुटला की पंगतीत काढणार होतो. सगळ्यांसमोर.

हंसाला वाटलं आपल्या अंगावर कुणी कढत पाणी ओतलं. याला माहीत होतं. गाडीत ती होती, बाप होता, मागून डंपर येत होते, आणि याने ते पंगतीत वाढायला राखून ठेवलं होतं. आणि तो दुसरा, मीटर शेजारी असून ज्याने मोजलं नाही, तो दारात उभा राहून हसत होता, आता बघ कशी जिरली म्हणून. तिला दोघांची किळस आली.

"मी काहीही उलटंपालटं केलेलं नाही," मिथुन तिला म्हणाला. "त्याने सांगितलं तसंच केलं. भुरा टेलला."

"भुरा टेलला लावला असता तर तो असा पेटलाच नसता, म्हणावं," विपुल म्हणाला.

हंसाने पिशवीतून तपकिरीची डबी काढली. उरलेल्यांतले दोन रेझिस्टन्स, दोन जातींचे, खाटेवरच्या चादरीवर ठेवले. आधी भावाला म्हणाली, डाव्या हाताचं बोट ठेव, भुरा पहिला तो कुठला. विपुलने बोट ठेवलं. मग नवऱ्याला पुढे बोलावलं. तू ठेव. मिथुनने शहाळं खाली ठेवलं आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

विपुलच्या बोटाखालचा पहिला पट्टा निळा होता. मिथुनच्या बोटाखालचा मातकट होता.

भुरी म्हणजे बाबांची निळी होडी. भुऱ्या म्हणजे शेडवरचं मातकट कुत्रं. माहेरी भुरा म्हणजे निळा, सासरी भुरा म्हणजे मातीचा, आणि ती दोन्ही घरांत राहिली होती, दोन्ही भुरे तिच्या तोंडात रोजचे होते. या दोघांतल्या कुणालाच कळायचा संभव नव्हता. कळायला हवं होतं ते तिला. शाळेत बाईंनी तपकिरी म्हणायला शिकवलं होतं, पण तो शब्द शाळेतच राहिला. त्या रविवारी तिने मान वळवली आणि शब्द जसाच्या तसा पुढे सरकवला, कारण तिने केव्हापासूनच ऐकणं सोडून दिलं होतं. ती फक्त पोचवत होती.

तिने दोघांना समजावून सांगितलं. आता तरी शरमतील असं कुणालाही वाटलं असतं. कशाचं काय! विपुल म्हणाला, भुरा म्हणजे निळाच, सगळ्या जगात, विचार त्याला आभाळ कसलं असतं. मिथुन म्हणाला, सांग त्याला, हिंदुस्थानभरचे ट्रकवाले माझ्याकडे येतात, भुरा कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस. हात मोडला, गाडी फुटली, म्हैस तेवढी शहाणी ठरली, आणि हे दोघे आता भुरा कुणाचा यावर भांडत होते. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

"बस," हंसा म्हणाली. ती ओरडली नाही, पण देवजी स्टुलावरून अर्धे उठले. "आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही. या घरचा नाही, त्या घरचा नाही. आणि तुम्ही दोघं मिळून दिवा लावून देत नाही तोवर मी त्या गाडीच्या चाकाला हात लावणार नाही. भाईला मारता मारता राहिले मी. तुमच्यासाठी मी मरणार नाही."

तिने केलं तसंच. व्हॅन दुसऱ्या माणसाकरवी डहाणूला आणवून वडिलांच्या अंगणात उभी केली आणि स्वतः माहेरी राहिली. मिथुनचा फोन आला की भावाचं नाव निघताच ती ठेवून द्यायची. विपुल घरी आल्यावर जेवताना म्हणाला, सांग त्याला, आणि हंसा ताट घेऊन ओट्यावर गेली. बांबूवरचे बोंबील सुकून टोपल्यांत भरले गेले, टोपल्या ओट्यावर चढल्या, गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. देवजी टोपल्यांकडे बघायचे, मुलाकडे बघायचे, आणि तपकीर ओढायचे.

उधव्याला शुक्रीने लेकाला जेवण वाढायचं बंद केलं की काय, ते माहीत नाही. पण एका सकाळी मिथुन आला. दोन पावसाळ्यांनंतर त्या अंगणात त्याने पाय ठेवला आणि कुणाकडेही न बघता सरळ व्हॅनपाशी गेला. तो येणार हे शुक्रीने कळवल्यावर दिवे हंसाने आदल्या दिवशीच उघडून ठेवले होते. रेझिस्टन्स तिने स्वतः मीटरवर मोजून बदलले होते, सोल्डरचे डाग अंगठ्यावर होते. फुटलेल्या काचेच्या जागी नवीन लाल तुकडा बसवला होता. आता फक्त एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि एकाने मागे राहून बघायचं होतं.

मागे विपुल होता, खुर्चीत, प्लास्टरचा हात उशीवर. खुर्ची तिनेच तिथे ठेवली होती. ती स्वतः पायरीवर बसून मांदेली साफ करत होती, गाडीकडे पाठ करून.

मिथुन आत बसला. टेल लावला. मग ब्रेक दाबला. आतून त्याला काहीच दिसत नव्हतं, दिसणार कसं? आरशात फक्त खुर्ची आणि प्लास्टर.

"हंसा," त्याने हाक मारली.

तिने मांदेलीचं डोकं मोडलं. देवजींनी तोंड उघडलं. हंसाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटून तपकीर ओढली. अंगणात माश्या घोंगावत होत्या. मिथुनने पाय सोडला, परत दाबला. विपुल दिव्याकडे एकटक बघत होता आणि त्याच्या जबड्याची हालचाल दिसत होती. ओट्यावर टोपल्या होत्या, सगळ्यांना दिसत होत्या.

"लागला का?" मिथुन शेवटी म्हणाला. कुणाचंही नाव न घेता, गाडीच्या टपाला विचारावं तसं.

हंसाचा हात थांबला.

"लागला," विपुल म्हणाला.

मग विपुल पुन्हा बोलला, "सोड. दाब. सोड. हां. फरक दिसतोय." आणि थोड्या वेळाने, "डावा जरा कमी आहे."

"डावा कमी नाही," आतून आवाज आला. "तुझी नजर कमी आहे."

"उतरून ये आणि बघ. आंधळ्याला दाखवल्याशिवाय पटायचं नाही."

"दोन हात धड नाहीत आणि मला शिकवतो."

मिथुन दार आपटून उतरला आणि खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला, दोघं वाकून डाव्या दिव्यावर भांडायला लागले, कमी आहे, नाही, काच जाड आहे, काच नाही, जोड कच्चा आहे. शिव्याही निघाल्या. निम्म्या गुजरातीत, निम्म्या हिंदीत, आणि सरळ एकमेकांच्या तोंडावर. हंसाने मांदेली धुतली, हात पुसले आणि टोपल्या उचलून गाडीत भरायला लागली. कुणीही तिच्याकडे वळून काही सांग म्हणालं नाही.

सगळं भरून झाल्यावर ती स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि खिडकीतून म्हणाली, दोघंही बाजूला व्हा, मला बाजार गाठायचाय.